थंडीतली कोंबडी : खाली कोरडं, वर वारा

(दिवाळीनंतर डोंगरपट्टीतल्या पाड्यांचे दोन दिवसांचे शिबिर झाले. पहिल्या दिवशी वनहक्काच्या दाव्यांवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या एका कार्यकर्तीने थंडीतल्या कोंबड्यांवर केलेले हे भाषण. बऱ्याच बायांनी "लिहून द्या" म्हटले म्हणून छापतो आहोत. ज्याला वाचता येते त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.)



काल दिवसभर आपण जमिनीचं बोललो. दावा कसा भरायचा, पुरावे कोणते जोडायचे, वनहक्क समितीने काय लिहायचं. आज सकाळी मला कोंबड्यांवर बोलायला सांगितलं तेव्हा मागे बसलेली दोन-तीन पोरं हसली. हसू द्या. पण मी एक विचारते. काल इथे जे जे म्हणाले की मी जातीच्या दाखल्यासाठी तीनदा धडगावला गेलो, त्यांनी जीपचं भाडं कुठून दिलं? झेरॉक्सचे पैसे कुठून आले? पोरगं आजारी पडलं, तारीख पडली, शाळेची वही पाहिजे झाली, तेव्हा घरात काय विकलं?

बैल कोणी विकत नाही. बकरी विकताना चार दिवस विचार होतो. कोंबडी मात्र बाई सकाळी डालग्यात घालते आणि बाजाराला नेते. आपल्या घरात बँक नाही, पण खुराडं आहे. ते बहुतेक घरात बाईच्या हातात असतं. म्हणून कोंबडी मरते तेव्हा बाईच्या हातचा पैसा मरतो, आणि दाव्याच्या कामातला एक फेरा थांबतो. हे जमिनीच्या शिबिराबाहेरचं बोलणं आहे असं मला वाटत नाही.

आता थंडी सुरू झाली आहे. दिवाळी ते होळी या काळात आपल्याकडे कोंबड्या मरतात, पिल्लं तर डालगंच्या डालगं मरतात. मग आपण म्हणतो, थंडीने मेली. मी आज एवढंच सांगणार आहे की नुसत्या थंडीने धडधाकट मोठी कोंबडी सहसा मरत नाही. ती मरते ओलीने, कोंडलेल्या हवेने, अंगावर येणाऱ्या झोताने, उपाशी पोटाने आणि रोगाने. या पाचही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. त्याला फार पैसा लागत नाही.

कोंबडी स्वतःला गरम कशी ठेवते

आधी हे समजून घेऊ. कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं अंग 37 अंश, तिचं 41 ते 42. आपल्याला एवढा ताप आला तर दवाखान्यात न्यावं लागेल. तिचं ते रोजचंच आहे. ही ऊब ती दाण्यातून तयार करते आणि पिसांनी धरून ठेवते. थंडीत ती फुगून बसते, तुम्ही पाहिलं असेल. फुगली की पिसांच्या मधे हवा अडकते, आणि ती अडकलेली हवाच तिची गोधडी.

ही गोधडी दोन गोष्टींनी फाटते. एक, पिसं ओली झाली तर. दोन, खालून किंवा बाजूने सारखा झोत लागला तर. ओली गोधडी अंगावर घेऊन तुम्ही झोपाल का? वाऱ्याने गोधडी उडत असेल तर झोप येईल का? तसंच तिचं. कोरडी असेल, झोत नसेल आणि पोट भरलेलं असेल तर आपली गावठी कोंबडी डोंगरावरची रात्र काढते. डाब, तोरणमाळच्या बाजूला तर काही वर्षी गवतावरचं दव गोठून पांढरं होतं. तिथेही लोक कोंबड्या पाळतात.

बंद खुराडं हा मोठा घोटाळा

थंडी पडली की बऱ्याच घरी काय होतं? खुराड्याची प्रत्येक फट चिंध्या, पाला, शेणाने बुजवतात. वरून गोणपाट, प्लॅस्टिक. दार घट्ट. आपल्याला वाटतं, आता आत ऊब राहील.

ऊब राहते, पण तिच्याबरोबर ओलही राहते. दहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात. त्या श्वासात पाणी असतं. विष्ठेत पाणी असतं. हे पाणी बाहेर जायला वाट नसेल तर ते छपराला लागतं आणि पहाटे थेंब थेंब कोंबडीच्याच पाठीवर पडतं. सकाळी खुराड्याच्या पत्र्याखाली किंवा प्लॅस्टिकखाली हात फिरवून बघा. हात ओला झाला तर समजा, तुमच्या कोंबड्या रात्रभर भिजत होत्या.

दुसरं, वास. ओल्या विष्ठेतून एक वायू निघतो. त्याला अमोनिया म्हणतात. तोच जो गुरांच्या मुताचा वास डोळ्यांना झोंबतो. तो कोंबडीच्या डोळ्यांना, नाकाला, छातीला धरतो. मग ती शिंकते, घरघरते, डोळ्यातून पाणी येतं, आणि नंतर कुठलाही रोग तिला लवकर पकडतो.

याची परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडायच्या आधी उकिडवं बसा, तोंड कोंबडीच्या उंचीला न्या आणि दार थोडंसं उघडून श्वास घ्या. उभं राहून वास घेऊ नका. वास खाली असतो आणि कोंबडीही खाली असते. तुमचे डोळे झोंबले तर खुराड्याला वारा पाहिजे.

एका काकीने काल मला विचारलं, "पोरी, एकीकडे म्हणते झोत नको आणि एकीकडे म्हणते वारा पाहिजे. काय करायचं?" काकी बरोबर बोलल्या. उत्तर असं आहे. वारा डोक्याच्या वर पाहिजे. अंगावर नको.

खुराडं कसं असावं

आता मापं सांगते. वीत आणि हात, आपलीच मापं.

एका गावठी कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरा. दहा कोंबड्यांना पाच फूट लांब, चार फूट रुंद खुराडं पुरतं. याहून फार लहान केलं तर ओल वाढते, एकमेकींना टोचतात. फार मोठं केलं तर आत ऊब धरत नाही. खुराडं लहान असणं ही थंडीत चांगली गोष्ट आहे, फक्त ते कोरडं पाहिजे.

जागा निवडताना पाणी कुठून वाहतं ते बघा. खुराडं जमिनीपासून एक वीत उंच ओट्यावर असावं. माती आणि दगडाचा ओटा करा, चोपून घ्या, शेणाने सारवा आणि नीट वाळू द्या. काही घरी मेढी रोवून वर बांबूच्या पट्ट्यांचा तळ करतात. ते पावसाळ्यात चांगलं, विष्ठा खाली पडते. पण थंडीत खालून झोत लागतो. तसं खुराडं असेल तर होळीपर्यंत तळावर जुनं गोणपाट टाका, त्यावर पाचोळा घाला, आणि खालच्या बाजूला वाऱ्याकडे तट्ट्या लावा.

दार पूर्वेला किंवा दक्षिणेला करा. सकाळचं ऊन आत गेलं की ओल वाळते. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, दरी असेल तर रात्री दरीच्या रेषेने खाली उतरतो. तुमच्या पाड्यावर वारा कुठून येतो ते तुम्हालाच माहीत. त्या बाजूला खुराड्याची भिंत पक्की पाहिजे.

भिंत कुडाची चालते. खालून दोन हातांपर्यंत, म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वरपर्यंत, शेण-मातीने लिंपून घ्या. एकही फट ठेवू नका. त्याच्या वर, वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना एक-एक वीत उघडं ठेवा. तिथे बांबूच्या कांब्या जवळजवळ बांधा, म्हणजे मुंगूस आणि रानमांजर आत येणार नाही. गरम ओली हवा हलकी असते, ती वर चढते आणि त्या फटीतून निघून जाते. कोंबडी खाली झोताबाहेर बसलेली असते. ज्या रात्री वारा फार सुटेल त्या रात्री वाऱ्याकडच्या फटीवर गोणपाट सोडा. समोरची फट उघडीच ठेवा. सकाळी गोणपाट वर गुंडाळा.

छपराला गवत किंवा सागाची पानं उत्तम. पत्रा असेल तर त्यावर गवताचा थर बांधा. पत्रा रात्री थंड होतो आणि आतून घाम सोडतो.

बसायला काठी पाहिजेच. जमिनीवर बसलेली कोंबडी पोटाकडून थंड होते. काठी मनगटाएवढी जाड घ्या, वरची बाजू कोयत्याने थोडी चपटी करा. बारीक काठीवर बोटं वळून बाहेर राहतात आणि गार पडतात. जाड, चपट्या काठीवर कोंबडी पाय सपाट ठेवते आणि बसली की पिसांनी बोटं झाकून घेते. एका कोंबडीला एक वीत काठी धरा. सगळ्या काठ्या एकाच उंचीला ठेवा, नाहीतर वरच्या काठीसाठी रोज संध्याकाळी भांडण. आणि काठी वरच्या फटीच्या बरीच खाली असू द्या.

बांबूचं कोणी विचारेल, म्हणून सांगते. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनउपजाची जी व्याख्या आहे त्यात बांबूचं नाव लिहिलेलं आहे. काल आपण ते वाचलं. खुराड्याला लागणाऱ्या चार कांब्यांसाठी घाबरत घाबरत जायचं कारण नाही.

अंथरूण

ओटा वाळला की त्यावर चार बोटं जाड कोरडं अंथरूण टाका. भाताचा तूस, ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी, लाकडाचा भुसा, हाताने चुरलेला वाळका पाचोळा, जे घरात असेल ते. दर दोन-तीन दिवसांनी काठीने खालीवर करा. पाण्याच्या भांड्याजवळ आणि बसायच्या काठीखाली ते लवकर ओलं होतं. तिथलं काढून नवं टाका.

मुठीची परीक्षा करा. मूठभर अंथरूण घ्या, दाबा, सोडा. लाडू झाला तर ओलं आहे, बदला. सुटून पडलं तर चांगलं आहे. ओल्या अंथरुणावर राख किंवा चुना टाकून झाकू नका. त्याने वास उलट जास्त सुटतो. ओलं ते काढायचंच. काढलेलं वाया जात नाही, खड्ड्यात टाका. पावसाळ्याच्या तोंडी शेताला तेच चांगलं खत होतं.

राखेचा उपयोग दुसरीकडे आहे. उन्हाच्या जागी एक उथळ खड्डा करा, त्यात राख आणि बारीक कोरडी माती अर्धी-अर्धी भरा. कोंबड्या त्यात लोळतात. अंगावरच्या उवा, पिसू कमी होतात. काही बारीक किडे दिवसा खुराड्याच्या फटीत ढेकणासारखे लपतात आणि रात्री रक्त पितात. काठीच्या टोकांना, सांध्यांना रात्री चिमणी धरून बघा. दिसले तर काठ्या काढून उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. रक्त प्यायलेल्या कोंबडीला थंडी जास्त लागते.

संध्याकाळचा दाणा

कोंबडी दिवसभर हिंडून पोट भरते. पावसाळ्यात किडे, गवताचं बी सगळं असतं. थंडीत किडे जमिनीत खोल जातात, गवत वाळतं आणि दिवसही लहान होतो. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे दिवस जेमतेम पावणेअकरा-अकरा तासांचा असतो. म्हणजे चरायला वेळ कमी आणि उपाशी रात्र तेरा तासांची.

म्हणून सूर्य बुडायच्या आधी दाणा द्या. कोंबडीच्या गळ्याखाली पिशवी असते, ती भरून ती झोपायला गेली पाहिजे. तो दाणा रात्रभर हळूहळू जिरतो आणि अंग गरम ठेवतो. संध्याकाळी खुराड्यात घेताना त्या पिशवीला बोट लावून बघा. भरलेली लागली पाहिजे. मका, ज्वारी यांनी चांगली ऊब येते. थोडं ठेचून द्या.

किती? एका कोंबडीला अर्धी मूठ, म्हणजे 30-35 ग्रॅम. दहा कोंबड्यांना दिवसाला साधारण पाव किलोपेक्षा थोडा जास्त, आणि तीन महिन्यांना 30 किलोच्या आसपास. मला माहीत आहे, आता काही जणी मनात म्हणत असतील, माणसालाच पुरत नाही तर कोंबडीला 30 किलो कुठून. खरं आहे. म्हणून चांगला दाणा देऊ नका. खळ्यावर सांडलेलं, सुपातून निघालेली कणी, पोचट कणसं, किडलेली ज्वारी बाजूला बांधून ठेवा. ते नाहीच पुरलं तर जास्त गारठ्याच्या दिवसांत तरी द्या. पण बुरशी आलेला मका कधीही देऊ नका. ती बुरशी विष आहे, कोंबडीचं काळीज खाते.

वाळवी ही आपली जुनी विद्या आहे. फुटक्या मडक्यात शेण, ओलं गवत, कडब्याचे तुकडे भरा आणि वारुळाजवळ पालथं घालून ठेवा. एक-दोन दिवसांत वाळवी चढते. पिल्लांना याहून चांगलं खाणं बाजारात नाही.

पाणी सकाळी कोमट द्या. चुलीवर भाकरीनंतर तवा उतरतो, त्या आचेवर पातेलं ठेवलं तरी होतं. बर्फासारखं पाणी कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी प्यायली की दाणाही कमी खाते. रात्री खुराड्यात पाणी ठेवू नका, सांडून ओल होते.

आणि एक. थंडीत कोंबडी अंडी देणं कमी करते किंवा थांबवते. बऱ्याचदा पिसंही झडलेली असतात. यात आजार नाही. अंड्याला लांब दिवसाचा उजेड लागतो. दिवस वाढले की ती पुन्हा सुरू करते. "ही आता बसून खाते" म्हणून चांगली कोंबडी दारावर आलेल्या व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊ नका. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारापर्यंत तिला सांभाळा. तेव्हा कोंबडीला गिऱ्हाईक असतं.

पिल्लं

मोठ्या कोंबडीला मी सांगितलं ते पुरतं. पिल्लांचं तसं नाही. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला नुसते केस असतात, पिसं नसतात. पहिल्या आठवड्यात त्याला 35 अंशांच्या जवळ ऊब लागते, मग दर आठवड्याला तीन अंश कमी चालते. एवढी ऊब फुकट देणारी एकच वस्तू आहे, त्याची आई.

म्हणून थंडीत खुडूक कोंबडीखाली आठ-नऊ अंडीच ठेवा. उन्हाळ्यात बारा-तेरा ठेवतो तशी ठेवू नका. काठावरची अंडी गार पडतात आणि 21 दिवस वाट पाहून वाया जातात. निघालेली पिल्लंही सगळी पंखाखाली मावली पाहिजेत. ज्यांना जमेल त्यांनी संक्रांतीपर्यंत अंडी बसवूच नयेत. ती लेकरांना खाऊ घाला.

आई आणि पिल्लं वेगळ्या डालग्याखाली ठेवा, खाली जाड कोरडा तूस. डालग्यावर अर्ध्या भागावर गोणपाट, अर्धा भाग मोकळा. सकाळी दव सुकल्याशिवाय बाहेर सोडू नका. पिल्लू दवाने पोटाखाली भिजलं की दुपारपर्यंत आखडतं.

सरकारी योजनेतल्या गिरिराजसारख्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावठी कोंबडीखाली ठेवा.

खुराड्यात विस्तव नको

हे मोठ्याने वाचा. खुराड्यात निखाऱ्यांचं घमेलं ठेवू नका. गवताचं छप्पर पेटायला एक ठिणगी पुरते, आणि खुराडं घराला लागून असतं. बंद जागेतला निखारा जो वायू सोडतो त्याने कोंबडी झोपेतच मरते, माणूससुद्धा मरतो. धुराने छाती भरते ती वेगळीच. ज्यांच्या कोंबड्या घरातच चुलीजवळ बसतात त्यांनीही चूल विझल्यावर बघावं, धूर जायला वाट आहे का.

मानमोडी आणि लस

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. हिरवट हगवण, घरघर, पंख पडणं, मग मान मुरडते. याला औषध नाही. जडीबुटीनेही थांबत नाही. एका घरात शिरला की पाड्यातली खुराडी रिकामी होतात. खुराडं कितीही चांगलं असलं तरी मानमोडी आली तर उपयोग नाही. लस मात्र आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की डोळ्यात एक थेंब, दोन महिन्यांचं झालं की सुई. पुढची सुई कधी ते डॉक्टर सांगतील.

इथेच संघटनेचं काम आहे. ही लस 100 कोंबड्यांच्या बाटलीत येते. बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. कोणी एकटी बाई सहा कोंबड्यांसाठी मागायला गेली तर तिला "नंतर या" हेच ऐकावं लागतं. पण पाड्याने ठराव करून, कोंबड्यांचा आकडा लिहून गुरांच्या दवाखान्यात अर्ज दिला आणि पोच घेतली, तर गोष्ट वेगळी. त्या दिवशी सकाळी कोणी कोंबड्या सोडायच्या नाहीत, सगळ्या डालग्यात. दोन तासांत शंभर होतात. जमिनीचा दावा जसा एकेकट्याने करून चालत नाही, ग्रामसभा लागते, तसंच हे.

बाजारातून किंवा सोयऱ्यांकडून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळ्या डालग्यात ठेवा. रोग बहुतेक वेळा पाहुणा म्हणूनच येतो.

फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला, ते सगळ्यांना आठवतं. मोठ्या पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्या मारल्या, आणि त्यांच्याबरोबर आजूबाजूच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही गेल्या. म्हणून एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, विकू नका, नाल्यात टाकू नका. लेकरांना हात लावू देऊ नका. लगेच दवाखान्यात कळवा. सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं काय

आता अवघड गोष्ट. आपल्यातली कितीतरी घरं थोड्याच दिवसांत गुजरातेत ऊस तोडायला जातील. मी इथे असं म्हणणार नाही की कोंबड्या पाळा म्हणजे ऊसतोड सुटेल. दहा कोंबड्यांनी उचल फिटत नाही. पण जाताना काय होतं? कोंबड्या येईल त्या भावाला विकतात, किंवा म्हाताऱ्या माणसांवर टाकून जातात. म्हाताऱ्या आजीला संध्याकाळी दिसत नाही, दार नीट लागत नाही, मुंगूस येतं. होळीला परत आलो की खुराडं रिकामं. मग दाव्याच्या कामाला एक फेरा मारायचा तर पुन्हा मुकादमाकडेच हात पसरायचा.

तर अशी पद्धत करू. जाणाऱ्या घराने सगळ्या कोंबड्या विकू नयेत. दोन-तीन तलंगा आणि एक कोंबडा राहणाऱ्या शेजारणीकडे ठेवावा. सोबत खळ्यावरच्या दाण्याचं गाठोडं द्यावं. थंडीत जी पिल्लं होतील, जी अंडी होतील, त्यातली अर्धी सांभाळणारीची. हा अर्धलीचा व्यवहार आपल्याला नवा नाही, बकऱ्यांचा असाच चालतो. चार माणसांसमोर बोलून घ्या, म्हणजे होळीला भांडण नको.

आणि घरात जे मागे राहतील त्यांनी लक्षात ठेवा. दावा तपासायला माणसं कधीही येऊ शकतात. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनची कसवण दाखवायची आहे. त्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा आहे, झोपडी आणि बांध हाही पुरावा आहे. त्या दिवशी घर बंद आणि अंगण ओसाड असू नये. खुराडं दाव्यात लिहा असं मी म्हणत नाही. पण जिथे सकाळी कोंबडा आरवतो तिथे माणूस राहतो, एवढं तर कोणालाही कळतं.

कोंबडी कोणाची

शेवटचं. आपण एवढं करून कोंबडी जगवायची आणि मग ती जाते कुठे? आपल्या आजोबांच्या वेळेपासून एक चाल आहे. गार्ड पाड्यावर आला की कोंबडी आणि बाटली. लाकूड आणलं म्हणून कोंबडी, नांगर धरला म्हणून कोंबडी. बाईने तीन महिने दाणा घालून वाढवलेली कोंबडी तिला न विचारता जाते. कोंबडी मागणं हा कुठल्या कायद्यात लिहिलेला दंड नाही. दंड असेल तर तो पावतीवर असतो. जो कोणी मागेल त्याला शांतपणे म्हणायचं, "साहेब, पावती द्या." दोघांनी मिळून म्हणायचं, एकट्याने नाही. आणि भावांनो, राग मानू नका, घरातल्या माणसानेही बाईला विचारल्याशिवाय खुराड्यात हात घालू नये. तिच्या दाण्यावर वाढलेलं आहे ते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने चार कामं करून यायची :

1. खुराड्याची वळचण एक वीत मोकळी करा, खालच्या फटी लिंपा.

2. अंथरूण बदला. मुठीची आणि वासाची परीक्षा करा.

3. खळ्यावरचा दाणा बाजूला बांधा. संध्याकाळी दाणा घालायचं काम घरातल्या एका मुलाला ठरवून द्या.

4. पाड्यातल्या सगळ्या कोंबड्यांचा आकडा लिहून आणा. त्या आकड्यावर लसीचा अर्ज बैठकीतच लिहू, सह्या-अंगठे तिथेच घेऊ.

चौथं काम विसरलात तर बाकी तीन अर्धीच. आकडे घेऊन या.

जिंदाबाद!